खोकल्याचं सिरप, सलाईन आणि डोप टेस्ट: नव्या व्यावसायिक खेळाडूच्या वडिलांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १९ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. पहिल्यांदाच व्यावसायिक संघाशी करार झालाय आणि करारात डोप टेस्टचं कलम आहे. आठवडाभर त्याला खोकला आहे, घराजवळच्या डॉक्टरांनी सिरप लिहून दिलंय. पृथ्वी शॉचं प्रकरण आठवून ते द्यायला तुमचा हात धजत नाही. चुकून घेतलं तरी बंदी घालतात का, आयुर्वेदिक औषध आणि प्रोटीन पावडर चालते का, आणि मुद्दाम घेणारे मोठे खेळाडू सुटतात असं मुलाचे मित्र म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी क्रीडावैद्यक आहे. कुस्तीगीर, कबड्डीपटू, धावपटू, क्रिकेटपटू या सगळ्यांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. तुमची भीती रास्त आहे. पण ती सिरपपुरती ठेवू नका, कारण सिरपपेक्षा मोठे धोके घरात आणि गल्लीतल्या दवाखान्यात आहेत.

आधी खोकल्याचं सांगतो. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातले घटक वाचा. आपल्याकडे कफ मोकळा करणाऱ्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन हे त्रिकूट असतं. शेवटची दोन चालतात, टर्ब्युटालिन चालत नाही. जागतिक उत्तेजक विरोधी संस्था म्हणजे ‘वाडा’च्या यादीत ते बारमाही बंदीच्या गटात आहे. सामना असो की सुट्टी, लघवीत सापडलं की प्रकरण उभं राहिलं. त्याऐवजी साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉलचं सिरपही नको. साल्ब्युटामॉलला सूट आहे ती फक्त इनहेलरने ओढलं तरच, आणि तीही २४ तासांत १६०० आणि कुठल्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमच्या आत. डॉक्टरांना स्वच्छ सांगा, ‘मुलाची डोप टेस्ट होऊ शकते, टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल नसलेलं काही द्या.’ कोरड्या खोकल्याला डेक्स्ट्रोमिथॉर्फन, कफाला अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, दोन्ही यादीत नाहीत. पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, नेहमीची अँटिबायोटिक यांनाही हरकत नाही. सर्दीच्या गोळीत स्यूडोइफेड्रिन असेल तर सामन्यांच्या दिवसांत ती टाळा.

आता पृथ्वी शॉ. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४ धावा करणारा हा मुंबईचा मुलगा. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटालिन सापडलं. तेव्हा तोही तुमच्या मुलाएवढाच, १९ वर्षांचा. खोकल्याच्या औषधातून ते अनवधानाने गेलं हा त्याचा खुलासा बीसीसीआयने मान्य केला. तरीही आठ महिन्यांची बंदी झालीच, मागील तारखेपासून म्हणजे १६ मार्चपासून १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत. त्याआधी युसूफ पठाणला याच औषधासाठी पाच महिने मिळाले होते.

खुलासा मान्य झाला तर शिक्षा का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नियमाच्या रचनेत आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हे वाडाच्या संहितेचं पहिलं तत्त्व. प्रतिबंधित द्रव्य सापडलं एवढ्यावर नियमभंग सिद्ध होतो. हेतू काय होता, निष्काळजीपणा किती होता, हे फक्त शिक्षा ठरवताना पाहतात. शॉचा हेतू वाईट नव्हता हे मान्य झालं. पण व्यावसायिक खेळाडूने दुकानातून औषध घेताना घटक तपासायला हवे होते, त्या हलगर्जीची शिक्षा राहिली.

पालकांना हे निष्ठुर वाटतं. मला सुरुवातीच्या काळात तसंच वाटायचं, आता वाटत नाही. हेतू सिद्ध करण्याचं ओझं चाचणी करणाऱ्यांवर टाकलं तर जगात एकही प्रकरण टिकणार नाही. बंद खोलीत कोणी कोणती गोळी कशासाठी गिळली हे तिसरा माणूस कसं सिद्ध करणार? नियम असा कडक आहे म्हणूनच तुमच्या मुलासारख्या प्रामाणिक गोलंदाजाला समोरच्या संघाबद्दल थोडा तरी भरवसा वाटू शकतो.

शिक्षेचं गणित ढोबळमानाने असं आहे. अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइड, रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं इपीओ, ग्रोथ हार्मोन अशा द्रव्यांना सरळ चार वर्षं धरली जातात, आणि मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध करायचं असतं. टर्ब्युटालिनसारखी, म्हणजे औषधातून सहज जाऊ शकणारी द्रव्यं ‘विनिर्दिष्ट’ गटात येतात. तिथे सुरुवात दोन वर्षांपासून होते, हेतू वाईट होता हे सिद्ध करणं संस्थेवर असतं आणि चूक किती गंभीर यावर शिक्षा ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते. १८ वर्षांखालच्यांना थोडी जास्त सवलत आहे. तुमचा मुलगा ते वय ओलांडून गेलाय.

शिक्षा कमी करून घ्यायची तर द्रव्य शरीरात नेमकं कशातून आलं हे बहुतेक वेळा पुराव्यासकट दाखवावं लागतं. नुसतं ‘मला माहीत नाही, कोणीतरी घातलं असेल’ हे चालत नाही. महाराष्ट्रातल्या कुस्तीशौकिनांना याची आठवण अजून सलते. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला ७४ किलो गटात जाणार होता. जून २०१६ मध्ये सोनीपतला घेतलेल्या नमुन्यात मिथॅनडायनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं असं त्याचं म्हणणं होतं. भारताची उत्तेजक विरोधी संस्था ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला मोकळं केलं. वाडाने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे अपील केलं आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच चार वर्षांची बंदी आली. कटाचा ठोस पुरावा नाही आणि नमुन्यातलं प्रमाण पाहता द्रव्य गोळीच्या रूपात घेतल्याशी ते जुळतं, या तज्ज्ञांच्या मतावर निकाल गेला. देशभर सहानुभूती होती, पंतप्रधानांपर्यंत चर्चा गेली होती. लवादापुढे त्यातलं काहीही पुरावा म्हणून ठेवता येण्यासारखं नव्हतं.

याच्या शेजारी टेनिसपटू यानिक सिनरचं प्रकरण ठेवून बघा. मार्च २०२४ मध्ये इंडियन वेल्सच्या स्पर्धेत त्याच्या नमुन्यात क्लॉस्टेबॉल हे स्टेरॉइड अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलं. त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर इटलीत दुकानात मिळणारा स्प्रे मारला होता आणि त्याच हाताने सिनरला मसाज केला. स्प्रे कोणी घेतला, कोणी कोणाला दिला, कोणत्या दिवशी लावला, हे सगळं त्याच्या वकिलांनी मांडलं आणि तज्ज्ञांनी प्रमाण जुळवून दाखवलं. स्वतंत्र लवादाने त्याचा दोष नाही असं ठरवलं. पुढे वाडाच्या अपिलानंतर तडजोड होऊन फेब्रुवारी ते मे २०२५ अशी तीन महिन्यांची बंदी त्याने स्वीकारली. द्रव्य स्टेरॉइडच, तरी एकीकडे चार वर्षं आणि दुसरीकडे तीन महिने. प्रमाणातला फरक होताच. पण प्रत्येक गोष्टीचा माग लावून देणारी माणसं सिनरच्या दिमतीला होती, हेही खरं. नियम सगळ्यांना सारखा आहे, पण निर्दोषपणा सिद्ध करायची ऐपत सारखी नाही, आणि मला या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं अन्यायाचं ठिकाण हेच वाटतं. सांगलीचा किंवा परभणीचा मुलगा स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापुढे वकील उभा करू शकत नाही. ज्या पावडरच्या डब्यातून द्रव्य गेलं तो डबाच त्याने नमुना देऊन झाल्यावर, निकाल यायच्या आधी भंगारात दिलेला असतो.

म्हणून मी प्रत्येक खेळाडूच्या घरी एक वही आणि एक खोका ठेवायला सांगतो. वहीत औषधाचं नाव, घटक, बॅच नंबर, कोणी लिहून दिलं, कधी सुरू केलं आणि कधी बंद केलं. खोक्यात प्रिस्क्रिप्शन, मेडिकलवाल्याचं पक्कं बिल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. पावडरचा डबा संपला तरी तळाला दोन चमचे ठेवून झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा, जमल्यास त्याच बॅचचा एक न उघडलेला डबाही. बिल मागितल्यावर मेडिकलवाला तोंड वाकडं करेल, करू द्या. बिल नसलेलं औषध तुमच्या मुलाने कुठून आणलं हे उद्या कोणालाही पटवून देता येणार नाही.

आता सलाईन. हा विषय आपल्याकडे कोणी काढतच नाही म्हणून जरा लांबवर सांगतो. अशक्तपणा वाटला, उन्हात क्रॅम्प आले, जुलाब झाले की खेड्यापासून पुण्यापर्यंत पहिलं वाक्य असतं, ‘एक सलाईन लावून घे, तरतरी येईल.’ वाडाच्या नियमाने १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून देणं ही प्रतिबंधित पद्धत आहे. त्यात औषध नसलं, नुसतं मीठपाणी असलं तरीही. नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते. सूट आहे ती रुग्णालयातल्या उपचारांना, शस्त्रक्रियेला आणि निदानासाठीच्या तपासण्यांना. गल्लीतल्या दवाखान्याच्या बाकावर घेतलेली बाटली त्यात बसवणं कठीण. ही बंदी का, तर शिरेतून द्रव भरून रक्त आणि लघवी पातळ करता येते, म्हणजे चाचणीत लपता येतं. जिल्हा पातळीच्या कबड्डी स्पर्धांत मध्यंतराआधी दंडात सलाईनची सुई घेऊन बसलेले तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नव्हतं, आणि सुई लावणाऱ्या डॉक्टरलाही नाही. तुमच्या मुलाला ओआरएस पाजा. खरंच इतका आजारी असेल की सलाईन हवंच, तर रुग्णालयात दाखल करा आणि केसपेपर जपून ठेवा.

इंजेक्शनचंही तसंच. खांदा, गुडघा, टाच दुखली की सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. हे स्नायू फुगवणारं स्टेरॉइड नव्हे, सूज उतरवणारं. पण १ जानेवारी २०२२ पासून सामन्याच्या काळात या औषधांची सगळी इंजेक्शनं बंद आहेत, सांध्यातलीसुद्धा. शरीरातून निघून जायला औषधाप्रमाणे वेळ लागतो. ट्रायमसिनोलोन कमरेत टोचलं तर वाडाने साठ दिवसांचं अंतर सुचवलंय. वेगवान गोलंदाजाची पाठ आणि घोटा कधी ना कधी बोलणारच, तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पुढच्या सामन्याची तारीख आधी सांगा. दुखण्यावर दिली जाणारी ट्रॅमाडॉल गोळीही २०२४ पासून सामन्याच्या काळात बंद आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन चालतात.

घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या वेगळ्या कपाटात ठेवा. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाशेवटी ‘एच’ असतं त्यात सहसा हायड्रोक्लोरोथायाझाइड म्हणजे लघवी वाढवणारं औषध असतं. अशी औषधं वजन पटकन उतरवायला आणि इतर द्रव्यं लपवायला वापरली जातात, म्हणून बारमाही बंद. शेन वॉर्नला २००३ च्या विश्वचषकातून घरी जावं लागलं आणि वर्षभर बाहेर बसावं लागलं ते अशाच गोळीमुळे. ती आईने दिली होती असं त्याने सांगितलं, त्याने सुटका झाली नाही. आजोबांची छातीत दुखण्याची ट्रायमेटाझिडीन, घरातल्या कोणाचं इन्सुलिन, ही सगळी यादीत आहेत.

तुमचा मुलगा आहे, पण मुलींचे आईवडीलही हे वाचतील म्हणून लिहितो. पीसीओडी असलेल्या मुलींना अंगावरची लव आणि मुरमं कमी व्हावीत म्हणून स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते लघवी वाढवणाऱ्या औषधांत मोडतं, बंद आहे. लेट्रोझोल आणि क्लोमिफिनही बंद. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी बंद नाही, पण तिच्यामुळे लघवीत नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडशी संबंधित अंश दिसू शकतो, म्हणून चाचणीच्या फॉर्मवर ती घेतल्याचं लिहायला अजिबात लाजू नका.

आयुर्वेदिक म्हणजे सुरक्षित, हा समज सोडून द्या. माझा आयुर्वेदाला विरोध नाही, वनस्पतीत ताकदीची रसायनं असतात एवढंच सांगतोय. पोटाच्या तक्रारीवर सर्रास दिली जाणारी अग्नितुंडी वटी घ्या. तिच्यात कुचला असतो, म्हणजे आपला काजरा, आणि काजऱ्यात स्ट्रिक्निन असतं. स्ट्रिक्निन हे नाव वाडाच्या यादीत उत्तेजकांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, सामन्याच्या काळासाठी. दम्याच्या काही काढ्यांत वापरली जाणारी सोमलता म्हणजे इफेड्रा, तिच्यातून इफेड्रिन जातं. महाशिवरात्रीची भांगसुद्धा लघवीत बरेच दिवस राहू शकते. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरला २१ महिने बाहेर बसावं लागलं ते हायजेनामाइनमुळे, आणि हे द्रव्य काही वनस्पतींमध्ये निसर्गतःच असतं. वैद्यांना भेटा, पण प्रत्येक घटकाचं नाव लिहून घ्या. जो वैद्य घटक सांगायला नकार देतो किंवा पुडीत बांधून ‘गुप्त योग’ देतो, त्याचं औषध खेळाडूसाठी नाही.

प्रोटीन पावडरबद्दल. साधं व्हे प्रोटीन प्रतिबंधित नाही, क्रिएटिनही नाही. अडचण डब्यात आणखी काय आहे याची. एकाच कारखान्यात आधी दुसरं मिश्रण बनलेलं असतं त्याचे अंश राहतात, किंवा ग्राहकाला ‘फरक जाणवावा’ म्हणून मुद्दाम स्टेरॉइड किंवा उत्तेजक मिसळतात. लेबलवर ते कोण लिहिणार? एफएसएसएआयचा परवाना क्रमांक हा अन्न म्हणून दिलेला परवाना आहे, डोपमुक्तीची हमी नव्हे. ‘वाडा मान्यताप्राप्त’ असं छापलेला डबा तर दुकानातच ठेवून या, वाडा कुठल्याही पावडरला मान्यता देत नाही. घ्यायचीच असेल तर बॅचनिहाय तपासणी करणाऱ्या इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट यांची खूण असलेली घ्या आणि बॅच नंबर त्यांच्या संकेतस्थळावर जुळवून पाहा. १९ वर्षांच्या गोलंदाजाला दूध, दही, अंडी, डाळ, मासे, चिकन यातून पुरेसं प्रथिन मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना पावडर लागत नाही, जेवणाची वेळ पाळायची सवय हवी असते.

जिममधल्या एका इंजेक्शनबद्दल वडील म्हणून तुम्हाला माहीत असायलाच हवं. मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर वापरायचं औषध. व्यायामाआधी जोर यावा म्हणून तरुण ते टोचून घेतात, महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी आणि एफडीएने वारंवार छापे टाकले आहेत. ते यादीत आहे, पण त्याहून वाईट म्हणजे ते हृदयाची लय बिघडवतं आणि त्याचं व्यसन लागतं. मुलाच्या बॅगेत सुई दिसली तर बंदीची चिंता नंतर, आधी त्याला डॉक्टरकडे न्या.

मग आजारी खेळाडूने करायचं काय? त्यासाठी टीयूई म्हणजे उपचारासाठीची परवानगी असते. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने नाडाकडे अर्ज करायचा, शक्यतो स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी. आजाराचं पक्कं निदान, यादीबाहेरचा पर्याय नसणं आणि औषधाने कामगिरीत जादा फायदा न होणं, या गोष्टी दाखवाव्या लागतात. अचानक जीवावर बेतलं आणि औषध द्यावंच लागलं, तर परवानगी नंतरही मिळू शकते, म्हणून जीव वाचवताना यादीचा विचार करू नका. तुमच्या मुलाचा खोकला पळाल्यावर वाढत असेल तर छातीरोगतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या. दमा निघाला तरी घाबरू नका, मर्यादेतल्या इनहेलरवर जगभर हजारो खेळाडू खेळतात. औषध तपासायला नाडाची ‘नो युअर मेडिसिन’ ही ऑनलाइन सोय वापरा. यादी दर १ जानेवारीला बदलते, त्यामुळे मागच्या वर्षी चाललेलं औषध पुन्हा तपासा.

चाचणीच्या दिवसाबद्दल दोन-चार गोष्टी. अधिकारी ओळखपत्र दाखवतील, कळवल्याची सही घेतील, आणि त्या क्षणापासून एक माणूस सतत मुलासोबत राहील. लघवी देताना त्याच लिंगाचा अधिकारी प्रत्यक्ष पाहतो. मुलं यामुळे ओशाळतात, त्याला आधीच सांगून ठेवा. साधारण ९० मिलिलिटर नमुना लागतो, तो ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत मुलगाच ओततो आणि सील करतो. घटाघटा पाणी प्यायला लावू नका, लघवी फार पातळ झाली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली सगळी औषधं आणि पावडरी लिहायच्या, वही इथे कामी येते. किट किंवा वागणुकीबद्दल तक्रार असेल तर फॉर्मवर लिहा, पण नमुना द्या. नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कुस्तीगीर बजरंग पुनियाने मार्च २०२४ मध्ये मुदत संपलेल्या किटचा मुद्दा काढून नमुना दिला नाही, त्यावर चार वर्षांची बंदी आली. पुढे मुलगा वरच्या पातळीवर गेला तर रोजचा ठावठिकाणाही कळवावा लागेल. १२ महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग, मग शरीरात काही असो वा नसो. वेस्ट इंडीजच्या आंद्रे रसेलचं एक वर्ष असंच गेलं.

मुद्दाम घेणारे सुटतात का? काही सुटतात, हे नाकारून मी मुलांशी खोटं बोलणार नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशा सात टूर द फ्रान्स जिंकल्या, कितीतरी चाचण्या पार केल्या. शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजक विरोधी संस्थेने त्याच्याच सहकाऱ्यांच्या साक्षींवर सगळं उघड केलं आणि सातही विजेतेपदं गेली. त्याच्या मागे दुसरे-तिसरे आलेल्यांतलेही कित्येक त्याच दलदलीतले निघाले, इतकी ती सडलेली होती. पण आता नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवतात. स्टेरॉइडचे दीर्घकाळ टिकणारे अंश ओळखण्याची नवी पद्धत आल्यावर बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकचे जुने नमुने पुन्हा तपासले, तर शंभराहून अधिक खेळाडू सापडले. पदकं घरी सजवून ठेवलेली, ती परत द्यावी लागली. मित्रांना हे सांगायला मुलाला सांगा. आणि आपल्या देशाचं चित्रही लपवू नका. २०२३ मध्ये भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ मध्ये प्रतिबंधित द्रव्य सापडलं, म्हणजे ३.८ टक्के. जगाची सरासरी एक टक्क्याच्या आत आहे. यात नुसतं अज्ञान नाही. नोकरी, कोटा, बक्षीस यांच्या घाईत प्रशिक्षकच मुलांना ‘टॉनिक’ देतात असे प्रकार आहेत. प्रशिक्षकाने नाव न सांगता काही दिलं तर मुलाने ते घेऊ नये, आणि त्याने तसं सांगितल्यावर तुम्ही त्याच्या बाजूने उभं राहा. संघातली जागा गेली तरी.

कधी नोटीस आलीच तर त्याच दिवशी तारखा लिहून काढा. ‘बी’ नमुना तपासून घ्यायचा हक्क आहे आणि त्याला मुदत आहे. स्टेरॉइडसारख्या द्रव्यात तात्पुरतं निलंबन लगेच लागू होतं, तो काळ पुढच्या शिक्षेतून वजा होतो, पण त्या काळात एखादा गावचा सामना जरी खेळला तरी ती सवलत जाते. पत्रकारांशी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही बोलू नका. वही आणि खोका घेऊन डोपिंगची प्रकरणं चालवलेल्या वकिलाकडे जा. आणि मुलाला एकट्याला घेऊन बसा, ओरडू नका, विचारा. त्याने खरंच घेतलं असेल तर ते तुम्हाला त्या आठवड्यात कळायला हवं. चार वर्षांच्या आरोपात वीस दिवसांच्या आत गुन्हा आणि शिक्षा कबूल केली तर एक वर्ष कमी होतं. द्रव्य देणाऱ्याची माहिती दिली तर आणखीही कमी होऊ शकतं, आणि पुढच्या मुलाला तेच इंजेक्शन टोचलं जाणं थांबू शकतं.